सांडलवंड न करता

आधी तीन मिनिटं चालू ठेव, बाबा म्हणतात,
गार तेल हट्टी असतं, तळाशी बसून राहतं.
फार तापवूही नकोस.
आंघोळीच्या पाण्याइतकं. तुझ्या आईच्या नव्हे, माझ्या.

साकातामध्ये मार्च संपत आलाय,
छपराच्या उत्तरेला बर्फाची शेवटची काळपट कड,
आणि शेडमध्ये मधल्या स्टँडवर ती,
हिरवी, पुढे टोपली, एक्याऐंशी हजार किलोमीटर,
जिने या गल्ल्यांना तीस वर्षं
पहाटेचं वर्तमानपत्र पोचवलं.
एप्रिलपासून ही फेरी बंद.
मग तेल कशाला बदलायचं, मी विचारते.
उभ्या गाडीतही तेल म्हातारं होतं, बाबा म्हणतात.

फडकं. सतराचा पाना. नवीन वॉशर.
सफरचंदांचा पुठ्ठा उलगडून खाली अंथरलेला,
दुधाचे दोन रिकामे खोके, तोंड कापून,
आत चुरगाळलेले, वाटायचे राहिलेले अंक.
घट्ट कोंबू नकोस.
बातमीला तेल प्यायला जागा हवी.

ते स्टुलावर बसलेत, हात मांडीखाली दाबून,
थरथर दिसू नये म्हणून.
स्टुलाचा एक पाय जमिनीवर टकटकत राहतो.

आतून आई: डाग पडता कामा नये.
या घरात हे वाक्य माझ्याहून वयाने मोठं आहे.

बोल्ट आता बोटांनी फिरव. वर दाबत, वर दाबत.
सोडतेयस असं त्याला कळू देऊ नकोस.
शेवटचा आटा सुटला की हात बाजूला.
धार आधी लांब उडते, सोया सॉससारखी काळी,
मग तिचा दम संपतो, तिरपी होते, सरळ होते,
तिच्या मागे मागे मी खोका सरकवते.
बेसबॉलचे गुण बुडाले. भाज्यांचे भाव बुडाले.
कुणाच्या तरी निधनाची चौकट
काठाकाठाने काळी होत गेली.

दुसऱ्या खोक्याला जागा हवी म्हणून
कोपऱ्यातली हायड्रेंजियाची कुंडी सरकवली,
तर खाली डाग.
ताटाएवढा. कडेला फिकट,
मध्ये अजून ओला असावा असा.

त्या दिवशी बोल्ट लावायचा राहिला माझा,
बाबा म्हणाले, जरा वेळाने.
वरून नवीन तेल ओतत बसलो,
आख्खी बाटली, खालून निघून गेली.

कोणता दिवस, मी विचारलं नाही.
तोक्योची रात्रीची बस, तिकीट मी
कुणाला न विचारता काढलेलं,
आणि ते थांब्यावर आले तेव्हा
त्यांच्या मोज्यांना तेलाचा वास येत होता.
मला वाटलं होतं,
आजच्या दिवशी तरी नीट यायचं.

अकरा वर्षं आईने त्यावर कुंडी ठेवली.
घासला नाही. घासला असता तर गेला असता,
तिच्या हाताखाली टिकलेला डाग
मी दुसरा पाहिलेला नाही.

नवीन वॉशर. बोल्ट बोटांनी, मग पान्याने, मग थांब.
अजून एक वेढा द्यावासा वाटतो ना,
त्याच वेढ्यात आटे मरतात.
मधाच्या रंगाचं तेल, सहाशे मिली, मोजून.
इंजिन चालू. बंद. थोडी वाट बघ.
खोक्यांना चिकटपट्टी,
मंगळवारी जळणाऱ्या कचऱ्याची गाडी येते.

कुंडी परत जागेवर ठेव, आई म्हणाली,
आतूनच, न बघता.

काडी पुसली, घातली.
पिळू नकोस, बाबा म्हणाले, नुसती टेकव.
पिळलीस तर खोटं सांगते.
मी टेकवली, काढली,
त्यांनी मांडीखालून हात काढून ती मागून घेतली,
चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ नेली.
दोन रेघांच्या मध्ये, म्हणाले,
आणि टोकाचा थेंब
त्यांच्या पँटवर पडला, गुडघ्याच्या जरा वर.

आईला सांगू नकोस.